दोन गौरींच्या मधली सांख्यिकी

आई, तुला आवडलं असतं असं एक काम सध्या माझ्याकडे आलंय. बी.बी.ए.ची तीन वर्षं मांडायची. तुझ्या वेळी त्याला बी.बी.एम. म्हणायचे, आता एक अक्षर बदललंय आणि तेवढ्यावरून आमच्या स्टाफरूममध्ये पुष्कळ कॉफी झालीय. मध्यंतरी पदवी चार वर्षांची झाली, मग पुन्हा तीनची झाली, आणि दर वेळी कुणीतरी आमच्या पुढ्यात सगळे विषय ओतून म्हणतं, बसवा. कुठल्या सेमिस्टरला काय, सक्तीचं कुठलं, आवडीचं कुठलं, कशाच्या आधी काय शिकवून झालेलं हवं, इंटर्नशिप कुठे घुसवायची, आणि या सगळ्याला वर्षाचं वेळापत्रक. यंदा ते माझ्या गळ्यात पडलंय. उद्या समितीची बैठक आहे. आज रविवार, जेवणं झालीत, घर पेंगुळलंय, आणि मी तुझ्या शिलाई मशीनपाशी बसलेय. मशीन आत घालून वर फळी टाकली की तुझं अभ्यासाचं टेबल व्हायचं, तेच हे. खालचं लोखंडी पायडल अजून हलतं. विचार करताना मी ते हलवत बसते, तुझ्यासारखीच. आराखडा बाजूला सारून हे लिहायला घेतलं, कारण परवाच मला तुझ्याबद्दल एक गोष्ट कळली. ती शेवटी सांगेन. आधी सांगितली तर तू "आइतु, झालं, कळलं" म्हणून उठून कामाला लागशील, आणि मला तुला थोडा वेळ बसवून ठेवायचंय.

तू पी.यू.सी., म्हणजे बारावी, झालीस आणि निकालाच्या पेढ्यांतच तुझ्या लग्नाचे पेढे मिसळले, असं तूच सांगायचीस. मग इथे म्हैसुरातच नजरबादच्या ऑफिसात टायपिस्ट झालीस, मला जन्म दिलास, आणि मी शाळेत रुळल्यावर एक दिवस टपालाने धडे येणाऱ्या बी.बी.एम.ला नाव घालून आलीस. घरात कुणी नको म्हणालं नाही, कुणी हो पण म्हणालं नाही. अप्पा म्हणाले, "बघ, झेपत असलं तर." आजी भाजी निवडत होती. तिने मान वर न करता विचारलं, "आता शिकून काय डी.सी. होतीस काय?" डी.सी. म्हणजे इकडचा कलेक्टर. तू तिला अत्ते म्हणायचीस, कानडी सुनांसारखं. "डी.सी. नाही हो अत्ते," तू म्हणालीस, "दुसऱ्यांनी लिहिलेली पत्रं टाईप करून कंटाळा आला, अष्टे, एवढंच. एखादं मी सांगावं आणि दुसऱ्या कुणी टाईप करावं." आजीने यावर नुसतं हूं केलं. तिच्या हूंचे किती अर्थ होतात याचा अंदाज बांधण्यात तुझी निम्मी हयात गेली असेल.

पण त्या कोर्सला एक अट होती. नाव घातल्यापासून ठरावीक वर्षांत सगळे विषय सुटायला हवेत, नाही तर नाव गेलं आणि पहिल्यापासून श्रीगणेशा. त्यातली काही वर्षं आजोबांच्या अंथरुणापाशी गेली. ते गेले, आणि मग धाकटा आला. त्याच्या रडण्यात आणखी काही गेली. तरीही तू एकेक विषय सोडवत गेलीस आणि सरतेशेवटी शेवटचं वर्ष उरलं आणि शेवटचा विषय उरला. सांख्यिकी. तू तिला स्टॅटिस्टिक्स म्हणायचीस आणि म्हणताना दर वेळी किंचित दम घ्यायचीस.

तुझं वर्ष मांडणं मला अजून दिसतं. ऑफिसातून मोठ्या कॅलेंडरचं जुनं पान आणायचीस, ते उलटं करून या फळीवर पसरायचीस, आणि चार कोपऱ्यांवर मिठाची बरणी, कात्री, अप्पांचा चष्मा, जे हाताला येईल ते ठेवायचीस. मग माझ्या पट्टीने बारा घरं पाडायचीस. मी पेन घेऊन विषय लिहायला धावले की हात धरायचीस. "आधी घर लिही गं. विषय मागून." म्हणून आधी लिहायचं कुणाचं लग्न आहे, कुणाचं श्राद्ध आहे, माझ्या परीक्षा कधी, दसऱ्याला पाहुणे कधी यायचे, पापड कधी, लोणचं कधी. उरलेल्या जागेत विषय. कायदा लोणच्याच्या दिवसांत, कारण कैऱ्या फोडताना कलमं पाठ करता येतात. अकौंटन्सीला दोन्ही हात लागतात, म्हणून ती सणवार नसलेल्या महिन्यात. "माणसांशी कसं वागावं" यावर एक अख्खा पेपर होता, त्याला तू वेगळा महिनाच दिला नाहीस, म्हणालीस, "याचा अभ्यास या घरात रोज आपोआप होतो की." आणि शेजार बघायचीस. "अकौंटन्सीच्या बाजूला कॉस्टिंग नको, दोघी तोंडाळ. मध्ये तो पत्रलेखनाचा पेपर ठेव, तो बिचारा ऐकून घेतो." मी आज ज्याला मोठ्या शब्दांत अभ्यासक्रमाची रचना म्हणते आणि त्यासाठी चष्मा लावून बसते, ते तू मिठाच्या बरणीच्या जोरावर करत होतीस.

सांख्यिकीने मात्र तुला जेरीस आणलं. माझं गणित बरं होतं, म्हणून संध्याकाळी तू चपात्या लाटायचीस आणि मी ओट्याला टेकून तुला प्रमाण विचलन समजावायचे. एकदा मी फारच शहाणी झाले. म्हटलं, आई, सोपं आहे, तुझ्या सगळ्या चपात्या मोजू आणि सरासरी काढू, सरासरी चांगली आली की झालं. तू लाटणं थांबवलंस आणि एकदम चिडून म्हणालीस, "सरासरी सांगू नको मला. सगळ्यांत लहान चपाती कुणाच्या पानात गेली ते सांग." सगळ्यांत लहान चपाती कुणाच्या पानात जायची ते मला माहीत होतं. ती शेवटची असायची आणि तुझी असायची. मग तूच हसलीस आणि म्हणालीस, "बघ, हेच ते विचलन, अल्वा, हो ना? आता कळलं मला." त्यानंतर तो धडा तू कधी विसरली नाहीस. मीही विसरले नाही. वर्गात तो शिकवताना अजून माझ्या नाकात कणकेचा वास येतो.

आता त्या वर्षाबद्दल. आपलं घर इथे इतक्या पिढ्यांचं, की कुठल्या घोडदळाबरोबर आलो ते सांगणारंही कुणी उरलं नाही. पण गौरी दोन्ही राहिल्या. एक म्हैसूरची, गणपतीच्या आदल्या दिवशी येणारी. सुपात खण, बांगड्या, डाळ-तांदूळ घालून, वर दुसरं सूप झाकून, सवाष्णींना बागिन द्यायचं ते तिचं. दुसरी आपली मराठी गौर, गणपती बसल्यावर नक्षत्र बघून येणारी, तीन दिवसांची माहेरवाशीण. तुझ्या माहेरी ही दुसरी केव्हाच सुटली होती. लग्न होऊन आलीस तेव्हा पहिल्यांदा पाहिलीस. आपल्याकडे ती घरच्या सुनेने आणायची. दारात तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळायचा, रांगोळीची पावलं उंबऱ्यापासून घरभर काढलेली असायची, मी मागे ताट वाजवत चालायचे, आणि तू मुखवटा हातात घेऊन प्रत्येक ठिकाणी थांबून विचारायचीस, "इथं काय आहे?" आजी विधवा झाल्यापासून गौरीला हात लावायची नाही, पण पुढे चालून उत्तरं तीच द्यायची. "इथं धान्य आहे." "इथं दागिने आहेत." "इथं अन्न शिजतं." गौरीने सगळं बघून घ्यायचं, म्हणजे ते भरलेलं राहतं. धान्याचे डबे, कपाट, चूल आणि देवघर, एवढाच फेरा.

सांख्यिकीच्या परीक्षेला बसायचं तर त्याआधी समोरासमोरचे वर्ग करायचे होते आणि त्यांच्या शेवटच्या दिवशी चाचणी द्यायची होती. वर्गांच्या तुकड्या होत्या, आपल्याला सोयीची निवडायची. तू ऑफिसातल्या कानडी कॅलेंडरवर तारखा पडताळल्यास. लाल अक्षरात गौरी दिसली, लाल अक्षरात गणेश दिसला. दोन्हींवर टीक केलीस आणि त्यानंतरची तुकडी घेतलीस. इतकी चोख मांडणी करणारी तू, आणि एवढीच गोष्ट निसटली, की आपली दुसरी गौर त्या कॅलेंडरला ठाऊकच नव्हती. ती आजीच्या बोटांवर होती.

ते कळलं त्या संध्याकाळी आजी मुखवटे पुसत बसलीय. बोटांच्या पेरांवर नक्षत्रं मोजते आणि म्हणते, "यंदा गौर सकाळीच घ्यायची घरात. दुपारी नक्षत्र जातं." तू या टेबलाशी आहेस. पायडलवरचा तुझा पाय थांबतो. पायडल थांबलं की मला कळायचं की काहीतरी झालं.

"अत्ते, कुठल्या दिवशी म्हणालात?"

आजीने दिवस सांगितला. तो चाचणीचा दिवस होता.

"तुमची परीक्षा काय गौरीला विचारून ठेवायची होती?" आजी म्हणाली. पण मग तुझा चेहरा बघून तिला काय झालं ते उमगलं असावं. "या घरात दोन येतात, हे इतकी वर्षं नांदून ठाऊक नाही होय गं तुला?"

"चुकलं अत्ते. लाल अक्षरात गौरी दिसली, मी टीक केली."

"टीक म्हणे."

"तुकडी बदलून मिळते का विचारून येते."

तू विचारून आलीस. नव्हती मिळत, बाकीच्या भरल्या होत्या. तिथला माणूस भला होता, त्याने वाईट वाटून तुला कॉफी पाजली, पण कॉफीने तारीख बदलत नाही. आजी म्हणाली, मग पुढच्या वर्षी दे. तू अगदी हळू म्हणालीस, "पुढचं वर्ष नाही हो. नावच जातं. सगळंच जातं." आजीने मुखवटा कापडात गुंडाळला आणि आत नेऊन ठेवला. हूं सुद्धा केलं नाही.

दोन दिवस घरात नुसते भांड्यांचे आवाज. स्वयंपाकघरात तू अप्पांना म्हणालीस, "जाऊ दे. नाही जात मी. घरची गौर दारात उभी करून मी कुठं गणितं करत बसू?" अप्पा काय बोलणार? ते भले होते, पण अशा वेळी त्यांना नेमका पेपर सापडायचा वाचायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाहिलं तर तुझं वर्षाचं पान या टेबलावर नव्हतं. ते तू चौघडी करून कणकेच्या डब्याखाली सारलं होतंस. मला इतकं वाईट वाटलं की मी शाळेत डबा खाल्ला नाही. संध्याकाळी घरी आले तर आजी ते पान डब्याखालून ओढत होती. "हे इथं कुणी ठेवलं? शाई लागेल कणकेला." तिने ते झटकलं, आणून या फळीवर टाकलं, आणि तुझ्याकडे न बघता म्हणाली, "जा तू. इथलं मी बघते." ती ज्या आवाजात दुधाचं भांडं उतरव म्हणायची त्याच आवाजात. तू तिच्याकडे बघत राहिलीस. तो टोमणा होता की परवानगी, हे तुला कळलं नाही, आणि विचारायची आपल्या घरात पद्धत नव्हती.

चाचणीच्या दिवशी तू मलाही नेलंस, कारण धाकटा तुझ्याशिवाय घरी राहायचा नाही आणि त्याला बाहेर सांभाळायला कुणी हवं होतं. आम्ही व्हरांड्यात बसलो. तो माझ्या हातातले शेंगदाणे एकेक करून फेकत होता, खार येऊन ते नेत होती, आणि मी खिडकीतून तुझी पाठ बघत होते. आजूबाजूला तुझ्याहून लहान मुलं-मुली. तू सणाची हिरवी साडी नेसली होतीस, केसांत गजरा. घरी गौर येतेय आणि आपण साध्या साडीत कसं जायचं, म्हणून. पेपर लिहिताना तुझा पाय हलत होता. तिथे पायडल नव्हतं, तरी हलत होता. बाहेर आलीस आणि म्हणालीस, "शेवटचं गणित अर्धं राहिलं. चला, चला." रिक्षात तू घड्याळ बघत नव्हतीस. आता बघून उपयोग नव्हता.

घरी पोचलो तर गौर आत आली होती. उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं होती, आणि ती तुझ्या हातची नव्हती. तू काढायचीस ती बारीक, लांबट. ही मुठीने उठवलेली, गोबरी, अष्टमीला कृष्णाची काढतात तशी. धाकटा त्यांवर पाय ठेवायला धावला, तू त्याला उचललंस. "कोण आलं होतं?" तू विचारलंस. "पक्कदमनेची," आजी म्हणाली, म्हणजे शेजारची. "हातपाय धू. पानं मांडायचीत." एवढंच. तू त्या पावलांना चुकवत चुकवत भिंतीकडेने आत गेलीस. मला आठवतं, ती गोबरी पावलं खिडकीपर्यंतही गेली होती, या मशीनपर्यंत. मला वाटलं, शेजारच्या मामींना आपल्या घरातला फेरा ठाऊक नाही, वाट चुकल्या असतील.

तू चाचणी पास झालीस. मग परीक्षाही, काठावर का होईना. पदवी टपालाने आली, अप्पांनी ती उलटीसुलटी करून वाचली, आजीने पेढा खाल्ला आणि साखर जास्त झाली म्हणाली. ऑफिसात पुढे तुला खरंच एक टायपिस्ट मिळाली, आणि पहिलं पत्र सांगताना तू इतकी अडखळलीस की शेवटी स्वतःच टाईप करून टाकलंस. हे तू हसून हसून सांगायचीस. पण गौरीच्या दिवसांत तू हसायची नाहीस. त्यानंतर दर वर्षी मुखवटा हातात घ्यायच्या आधी तू दोन्ही गालांवर चापट मारून घ्यायचीस. आजी बघायची आणि काही बोलायची नाही. आजी गेल्यावरही ते सुटलं नाही. आणि शेवटच्या दुखण्यात, चांगली शुद्धीत असताना, तू मला म्हणालीस, "ते एक वर्ष राहिलंच गं. गौर दुसऱ्याच्या हातून आली. अत्तेंच्या मनातून मी त्याच दिवशी उतरले, अल्वा?" मी म्हटलं, नाही गं आई, असं काही नाही. पण मला ठाऊक नव्हतं. मी नुसतं बरं वाटावं म्हणून म्हटलं, आणि तुलाही ते कळत होतं.

गेल्या बैठकीत आमच्याकडे यावरूनच वाद झाला, म्हणजे सांख्यिकीवरून. एक तरुण सहकारी आहेत, हुशार, पुण्याहून आलेले, स्वच्छ मराठी बोलतात आणि माझ्या मराठीला गमतीने बघतात. ते म्हणाले, "मॅडम, अंतर्गत चाचणी एकदाच ठेवू या. सरासरी विद्यार्थी ती सहज देतो." मी म्हटलं, "सरासरी विद्यार्थ्याच्या घरी सण नसतो, दुखणं नसतं, लहान भाऊ नसतो. तो मला अजून भेटायचाय." ते म्हणाले, मग प्रत्येकासाठी वेगळं वेळापत्रक करायचं का? त्यांचंही चूक नाही. सगळ्यांची सगळी अडचण कुठलाच कागद दूर करू शकत नाही, हे तुला माझ्याहून जास्त कळत होतं. मी म्हटलं, वेगळं नको, पण चुकलं तर त्याच वर्षात पुन्हा देता येईल एवढी फट ठेवू. त्यावर उद्या ठरायचंय. माझ्या पुढ्यात जो कागद आहे त्यावर मी आधी सगळ्यांचे सण लिहिलेत, कापणीचे दिवस लिहिलेत, लग्नसराई लिहिलीय. विषय मागून.

आणि आता ती गोष्ट. शेजारच्या मामी आता चामराजपुरममध्ये मुलीकडे असतात. फार थकल्यात. परवा कानडी गौरीच्या दिवशी मी त्यांना बागिन द्यायला गेले. "बा मगळे, कूत्को," ये पोरी, बस, म्हणाल्या, माझा हात धरून ठेवला, आणि बोलत राहिल्या. त्या कानडीत बोलत होत्या, मी मराठीत लिहितेय. तुला दोन्ही सारखंच. म्हणाल्या, "यंदा तुमची ती दुसरी गौरी कधी? एकदा मी आणली होती ना तुमच्या घरात." मी म्हटलं, हो मामी, आठवतंय. त्या हसल्या.

"अय्यो, तुझी अज्जी! कपडे वाळत घालायच्या दोरीवरून आमचं बोलणं बंद होतं. आणि त्या दिवशी सकाळी स्वतः आली माझ्या दारात. म्हणाली, माझी सून परीक्षेला गेलीय, तू सवाष्ण आहेस, गौर तुझ्या हातून घरात घे. मला काय ठाऊक तुमची पद्धत? पावलं काढ म्हणाली, मला कृष्णाचीच येत होती, तीच काढली. कुठं कुठं काढायची ते ती पुढे चालून दाखवत होती. मग म्हणाली, जिथं जिथं मी थांबेन तिथं विचार, इल्लि एनिदे, इथं काय आहे. मी विचारत गेले. डब्यांपाशी म्हणाली, धान्य आहे. कपाटापाशी म्हणाली, दागिने. चुलीपाशी म्हणाली, अन्न शिजतं. मग खिडकीशी नेलं, शिलाई मशीन होतं तिथं. वर पुस्तकं, पट्टी, एक मोठा कागद पसरलेला. मी विचारलं, इल्लि एनिदे?"

मामींनी बागिनाचं सूप मांडीवर नीट केलं. मला वाटलं विसरल्या.

"म्हणाली, 'इल्लि नन्न सोसे इद्दाळे.' इथं माझी सून आहे."

मामी माझ्याकडे बघत होत्या. "मला वाटलं, तुमच्यात तसंच म्हणत असतील, सून घरात नसली की. आहे ना तशी पद्धत?"

मी म्हटलं, "हो मामी. आहे."

येताना मी बसमध्ये रडले, शेजारच्या बाईने पाण्याची बाटली पुढे केली. मला आजीचा रागही आला. आजी, एवढं म्हणालीस, तर आईच्या तोंडावर म्हणायला काय झालं होतं? इतकी वर्षं ती गालांवर चापट मारून घेताना बघत बसलीस. पण मग वाटलं, आजीला ते गौरीलाच सांगता येत होतं. पुढच्या वर्षापासून मुखवटा तुझ्याच हातात होता, मग मशीनपाशी थांबायची तिला गरज वाटली नसेल. आणि तू त्या दिवशी भिंतीकडेने गेलीस. त्या गोबऱ्या पावलांवर नजर ठेवून सरळ चालली असतीस तर ती तुला तुझ्याच जागेपाशी घेऊन गेली असती.

तर उद्याचं असं ठरवलंय. चाचणी पुन्हा देता येईल हे मी भांडून घेणार आहे. आणि भाद्रपदातला आपल्या गौरीचा आठवडा मी मोकळा ठेवलाय. कुणी विचारलं तर स्थानिक सण म्हणेन. खरं कारण समितीच्या टेबलाशी सांगता येणार नाही मला.

परवा आपली गौर येईल. आता ती मीच आणते. मुलगी ताट वाजवते, पण उत्तरं द्यायला पुढे चालणारं मोठं माणूस घरात उरलं नाही, म्हणून हल्ली विचारायचं मी आणि सांगायचंही मीच. यंदा फेरा थोडा वाढवणार आहे, खिडकीपर्यंत. आणि आई, कबूल करते, हे सगळं तुला कळवावं म्हणून लिहायला बसले असं मी म्हटलं, ते तितकंसं खरं नाही. गौर घेऊन या मशीनपाशी थांबल्यावर काय म्हणायचं, ते आधी एकदा कागदावर म्हणून बघत होते. इथं माझी आई आहे. एवढंच आहे, पण आवाज न कापता अजून एकदाही म्हणता आलेलं नाही.